रक्तविकारांची नावे : शास्त्रातली आणि बोलीतली

वैद्यकाची परिभाषा कोशात कितीही नेमकी असली, तरी तिची खरी परीक्षा दवाखान्याच्या ओट्यावर होते. 'अॅनिमिया' यासाठी मराठीत 'रक्तक्षय' हा शब्द रूढ आहे. शब्द निर्दोष आहे. परंतु खेड्यातील माणसाच्या कानी त्यातील 'क्षय' तेवढा पडतो. मग ज्या गरोदर स्त्रीला लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या व कडधान्ये हवीत, तिचे ताट-भांडे वेगळे काढले जाण्याचे भय असते. वास्तविक रक्तक्षयाचा क्षयरोगाशी संबंध नाही आणि तो सहवासाने लागत नाही. गरोदरपणी 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमहून कमी भरले, की त्यास रक्तक्षय म्हणतात. 'अंगात रक्त कमी आहे' हे घरगुती वाक्य शास्त्रदृष्ट्या सैल खरे, कारण उणे असते ते रक्तातील लाल द्रव्य. तथापि या वाक्याने रुग्ण घरात परका होत नाही. गोळ्यांनी शौचास काळे होते, हेही त्याच वेळी सांगावे. नाही तर भीतीने गोळ्या कोनाड्यात पडून राहतात.

'पांडुरोग' हा आयुर्वेदातील जुना शब्द. त्याची काविळीशी गल्लत होते. पांडुरोगात खालची पापणी ओढून पाहिल्यास आतून फिकी दिसते. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो.

'लसीकाग्रंथी' हा शब्द तर शिक्षकांनाही जड वाटतो. पण पायात काटा मोडून पिकला, की जांघेत 'अवधाण' येते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. अवधाण म्हणजे जंतूंना अडविताना सुजलेली लसीकाग्रंथीच होय. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा काखेत व जांघेत उठणाऱ्या अशाच गाठींवरून त्यास 'ग्रंथिक सन्निपात' हे नाव मिळाले. धडा अवधाणापासून सुरू केल्यास लसीकाग्रंथी आपोआप समजते. गंमत अशी, की जखमेतून झिरपणारे पाणी ती 'लस', आणि टोचावयाची तीही 'लसच'! देवीची लस पूर्वी गोस्तनदेवीच्या फोडातील द्रवापासूनच घेत.

'सिकल सेल' या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. येथे 'वाहक' हा शब्द अधिक घोटाळ्याचा. कोणास त्यावरून एस. टी.तील तिकिटे देणारा आठवतो. कोणी रोग पसरविणारा डास समजतो. वाहकाकडून हा विकार शेजाऱ्यास लागत नाही आणि त्यास स्वतःलाही बहुधा त्रास होत नाही. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्यास हा विकार होण्याचा संभव 4 पैकी 1 इतका असतो. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही. विवाहापूर्वी रक्त तपासून घेण्यास सांगतात ते याचसाठी.