विंचूरकरांचे पानिपत आणि गंगाधरपंतांचे



निफाडच्या या विज्ञानकथा संमेलनात आधी थंडीबद्दल क्षमा मागतो. ‘राज्यातील नीचांकी तापमान निफाडला’ ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचता. तो आकडा बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. पारा चार-पाच अंशांवर उतरला की आमचे बागायतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. काल एका पाहुण्यांनी तो धूर पाहून ‘यान उतरले की काय?’ असे विचारले. योग्य माणसे बोलावली, अशी माझी खात्री पटली.

त्या केंद्राविषयी थोडे बोलू द्या. कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, दाखवू देत. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली निफाडला जन्मले हे शाळकरी पोरही सांगेल. पण ‘एनआयएडब्ल्यू ३०१’ म्हणजे त्र्यंबक, ‘एनआयएडब्ल्यू ९१७’ म्हणजे तपोवन, ‘एनआयडीडब्ल्यू २९५’ म्हणजे गोदावरी, या गव्हाच्या वाणांतले पहिले ‘एनआय’ म्हणजे आमचे निफाड, हे तो गहू पेरणाऱ्यालाही ठाऊक नसते. वर्षानुवर्षे ओंब्या निवडत, तांबेऱ्याला दाद न देणारे वाण शोधत बसलेल्या तिथल्या माणसांवर कुणी चित्रपट काढला नाही. काढला तर पहिले तिकीट माझे. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात तर २००२ पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तो कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून नेण्याची सोय आहे. १९५० साली कुणी अशी कथा लिहिली असती, तर संपादकाने ‘अतिरंजित’ म्हणून परत पाठवली असती!

आता विषयाकडे, म्हणजे विज्ञानकथा वाचावी की पडद्यावर पाहावी याकडे वळतो, नाहीतर अध्यक्ष रागावतील. आमच्या तालुक्याला महाराष्ट्राचा कॅलिफोर्निया म्हणतात ते द्राक्षांमुळे. हॉलिवूड तिकडेच राहिले. तरी दादासाहेब फाळके जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे, आणि २०२१ साली नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. म्हणजे चित्रपट आणि विज्ञानकथा, दोन्हींवर आमचा थोडा हक्क पोचतो.

तिसरा हक्क आमच्या तालुक्यातल्या विंचूरचा. सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ साली पानिपतावर होते आणि तिथून परत आले. त्यामुळे नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मला घरचीच कथा वाटते. कथेत पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी हुकते. लेखक एवढेच बदलतो आणि पुढचा सगळा इतिहास त्यातून ओळीने उलगडत जातो. गंमत अशी की तो उलगडतो मुंबईच्या एका ग्रंथालयात. प्राध्यापक गंगाधरपंत जाडजूड खंडांची पाने उलटतात आणि धडधड आपल्या छातीत होते. चित्रपटवाले मित्र यात काय करतील? पाचव्या मिनिटाला दहा हजार घोडे उधळतील. तो चित्रपट मी पहिल्या रांगेत बसून पाहीन, शिट्टीही मारीन. पण घोडे दौडत असताना ‘मग पुढे इंग्रजांचे काय झाले असते?’ हा प्रश्न डोक्यात शिरायला जागा राहत नाही. वाचताना मी पुस्तक मिटून तासभर त्यावर विचार करू शकतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली, तीही टोपणनावाने पाठवलेली. शब्द कितीही नेमके असले तरी कृष्णविवर डोळ्यांपुढे उभे राहायला मला २०१४ चा ‘इंटरस्टेलर’ पाहावा लागला. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलेले ते चित्र दहा पाने वाचूनही मिळत नाही.

आणि ‘द मार्शियन’! त्यातले सुरुवातीचे वादळ खोटे आहे. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, ती यान काय कलंडवणार? लेखक अँडी वीअरनेच ते कबूल केले आहे. पण त्यानंतर नायक बटाटे लावतो, तिथे आम्ही शेतकरी सावरून बसलो. माती, खत, पाणी, डोळे ठेवून कापलेले बेणे, सगळे तपासले. पुस्तकात पाण्याचा लिटरवार हिशेब आहे, चित्रपटात तो पटकन उरकला आहे; माझे मत पुस्तकाला. एक थाप माफ, पुढचा हिशेब चोख हवा, ही माझी कसोटी. विद्वानांनी उद्याच्या परिसंवादात ती खुशाल खोडून काढावी.

आता संमेलनाच्या व्यवस्थेबद्दल. उणिवा पुष्कळ आहेत. पडद्यावर उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना मल्चिंग पेपर लावलाय, काळी बाजू आत. वाऱ्याने फडफडेल, सांभाळून घ्या. शेजारच्या लॉन्सवर दुपारी हळद आहे. डीजेवाल्याने आवाज कमी ठेवण्याचे आश्वासन दिलेय, खात्री नाही. पेपर देणारे कृषी सेवा केंद्राचे मालक, जेवणाचा गहू-तांदूळ देणारे शेतकरी, खुर्च्या फुकट देणारे मंडपवाले, बेदाणे आणि कांदे पाठवणारे व्यापारी, पातेली घासायला पहाटेपासून आलेल्या बचतगटाच्या भगिनी, या सर्वांचे आभार. सर्वांत मोठ्या देणगीदारांनी नाव घ्यायचे नाही असे बजावले आहे. ते तिसऱ्या रांगेत मफलर गुंडाळून बसले आहेत, एवढेच सांगतो.

उद्या पहाटे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला बस निघेल. २०२० साली ते राज्यातले पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले. नाशिकला मुक्काम असलेल्यांनी आज लवकर निघावे, चांदोरीपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. चहा तयार आहे, पण उद्घाटनानंतर. उद्घाटकांना विनंती, त्यांनी समई लावावी.