आपल्याच माणसांना विचारायचे प्रश्न

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

मी मराठी ख्रिस्ती आहे असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग घरी कोणती भाषा बोलता?’ मराठीच. रविवारी आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं होतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी. तरी प्रश्न येतोच. त्यावर चिडणं मी केव्हाच सोडलं. मला आज वेगळंच काही बोलायचंय : आपल्याच माणसांना प्रश्न विचारण्याबद्दल.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे इथले अनेक सुधारक त्यांना दुरावले, हे आपण ऐकलेलं असतं. पण ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्या पत्रांतून कडाडून भांडल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त पटल्याशिवाय मानायचा नाही, आणि बिशप म्हणतात एवढ्यावर तर नाहीच, असा त्यांचा पवित्रा. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तावर त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर टीका केली. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, त्याही ख्रिस्ती होत्या. त्यापायी लेखणी अडली नाही.

रेव्हरंड टिळकांचंही तसंच. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती.

आता आमच्याबद्दल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, आम्ही बाहेरच राहिलो. आम्ही मोर्चे काढतो, निवेदनं देतो; ते योग्यच आहे. पण सोयरीक जुळवताना चर्चच्याच अंगणात ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारलं जातं, तेव्हा कुणी निवेदन काढत नाही. दिल्लीला जाब विचारणं त्या मानाने सोपं. चर्चची समिती, आपला पक्ष, आपली आत्या समोर असली की जीभ जड होते. (आत्यासमोर सर्वांत जास्त.)

कुणाला मत द्यायचं, हे माझी श्रद्धा मला सांगत नाही. ते सांगायला उत्सुक असलेले धर्मगुरू सगळ्याच धर्मांत भेटतात. ज्याला मत दिलं त्याच्या सभेत उठून उभं राहायचं बळ मात्र श्रद्धा देते, निदान द्यायला हवं. तुम्ही देव मानत नसाल, तर ते बळ आणखी कुठून तरी आणा. सभा तीच असते.

रमाबाई आणि त्या अँग्लिकन भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने छापलेला आहे. नोकरीच्या अर्जांतून सवड काढून जरूर वाचा. आणि जेराल्डीनबाईंची बाजूही नीट वाचा. त्या दुष्ट नव्हत्या; रमाबाईंवर त्यांची माया होती, म्हणून तर ते भांडण इतकं अवघड गेलं.