औषधाच्या आधी नमुना



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "सगळ्यांना कळेल असं बोल" अशी तंबीही दिली आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. माझा निम्मा दिवस बुरशी बघण्यात जातो. त्यामुळे घरी लोणच्याला बुरा आला, की पहिली हाक मलाच!

सकाळपासून तुमच्यापैकी तिघांनी मला बाजूला घेऊन गजकर्ण दाखवलं. तिघांचीही कहाणी एकच. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज थांबली, ट्यूब संपली आणि चट्टा दुप्पट झाला. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. चट्ट्याचा गोल आकारही पुसला जातो आणि मग डॉक्टरांनाही नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. त्यात आपल्या देशात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही चिवट बुरशी पसरली आहे. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. तिचे कित्येक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत.

तपासणी मात्र साधी आहे. चट्टा स्पिरिटनं पुसायचा आणि त्याच्या कडेचा कोंडा खरवडून घ्यायचा, कारण बुरशी कडेला जास्त जोमात असते. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्वचेतलं केराटिन विरघळतं, बुरशीची भिंत टिकते. थोड्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसतात. उरलेला कोंडा साबुरो अगारवर लावतात. ही बुरशी सावकाश वाढते, म्हणून चार आठवडे वाट पाहावी लागते. मलम लावून आलात, तर मात्र धागे सापडणं कठीण होतं. नखाच्या तपासणीत पहिल्यांदा काही दिसलं नाही, तरी आजार नाही असं समजू नये. नमुना पुन्हा द्यावा.

आता जिवावरची गोष्ट. जीवशास्त्राच्या तासाला ओल्या पावावर वाढवलेली बुरशी आठवते? पांढरे धागे, त्यांवर काळे ठिपके. ती रायझोपस. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्या म्युकरमायकोसिसनं लोकांचे डोळे आणि जबडे नेले, त्यामागे बहुतेक वेळा याच कुळातली बुरशी होती. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना आणि जास्त स्टेरॉइड घेतलेल्यांना तिनं गाठलं. लोक तिला 'काळी बुरशी' म्हणाले, पण काळा पडतो तो आपला मांसाचा भाग. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, म्हणून तो मरतो.

त्या दिवसांत नाकातल्या मांसाचा तुकडा रात्री-अपरात्री यायचा आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर फोनवर थांबलेले असायचे. धागे रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे दिसले, की म्युकर. बारीक, पडदे असलेले, लघुकोनात फुटणारे दिसले, तर अ‍ॅस्परजिलस असण्याची शक्यता जास्त. हा फरक फार मोलाचा आहे. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. तिथं अँफोटेरिसिन बी आणि तातडीची शस्त्रक्रियाच लागते. संशय दाट असेल, तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात, पण तुकडा तपासायला पाठवतातच.

तो तुकडा सगळाच फॉर्मॅलिनमध्ये घातला, तर बुरशी मरते आणि आमच्याकडे काही उगवत नाही. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा सलाइनमध्ये, ताबडतोब. प्लेटवर उगवलेली प्रत्येक बुरशी गुन्हेगार नसते हेही खरं. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. मांसात धागे दिसले, तर पुरावा पक्का.

तेव्हा मित्रहो, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. गजकर्ण झालं, तर ट्यूब आणण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि घरात मधुमेह असलेल्या कुणाचा चेहरा एका बाजूनं दुखू लागला, डोळा सुजला, नाकातून काळसर स्राव आला, तर सकाळची वाट पाहू नका. दवाखान्यात पोहोचल्यावर विचारा, "नमुना पाठवला का?" हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.