घर दोघांचं, विमा कोणाचा?

(खराडी येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



घराचा विमा हा विषय बायकांच्या बैठकीत कशाला, असं काही जणींना वाटेल. म्हणून आधी आपल्या केंद्रात आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. फ्लॅटच्या कर्जाचा अर्धा हप्ता ती पगारातून भरायची. स्वयंपाकघराला आग लागली. विमा होता, पण घर आणि पॉलिसी दोन्ही नवऱ्याच्या नावावर. भरपाई त्याच्या खात्यात जमा झाली. तोवर ती मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली. पॉलिसीचा कागद तिने कधी पाहिलाही नव्हता.

आपल्याकडे समुद्र नाही, मग विमा कशाला, असंही म्हणतात. पण खराडी मुळा-मुठेच्या काठी आहे. पुण्याने १९६१ साली पानशेतचा पूर पाहिला, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याचा आणि जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत शिरलेलं पाणी. आगीला तर नदीही लागत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी आणली. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल हे धोके तिच्यात येतात. अटी सारख्या असल्या तरी हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा.

हप्ता कमी कसा होईल? पहिली गोष्ट, विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. समजा चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला २,५०० रुपये. मग विमा १५ लाखांचा हवा. बाजारभाव साठ लाख असला तरी साठ लाखांचा नको. दुसरी गोष्ट, आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आग व भूकंपाचा विमा सोसायटीने काढायचा असतो. तो काढलाय का, कितीचा आणि कोणत्या धोक्यांचा, हे सर्वसाधारण सभेत विचारा. तो पुरेसा असेल तर स्वतः फक्त सामानाचा विमा घ्या. तिसरी गोष्ट, कर्ज देताना विमा अमुकच कंपनीचा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. कर्जात कोणता विमा मिसळलाय, घराचा की कर्जदाराच्या आयुष्याचा, ते लेखी मागा.

स्वस्त म्हणून डोळे मिटून घेऊ नका. इमारतीच्या विम्याबरोबर तिच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचा विमा आपोआप मिळतो. पण दागिने त्यात नाहीत. आपलं स्त्रीधन धरायचं तर जादा हप्ता भरून वेगळं नोंदवावं लागतं. नुसती घरफोडीही मूळ पॉलिसीत नाही. आग-पुरासारख्या घटनेमुळे सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. घरी शिलाई किंवा खानावळ चालवत असाल तर ते अर्जात स्पष्ट लिहा. लपवलं तर पुढे दावा अडतो.

आता नावाचा प्रश्न. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीपुरतं बाईचं नाव आणि कागद मात्र नवऱ्याच्या कपाटात, असं होऊ देऊ नका. घर दोघांचं असेल तर पॉलिसीवर दोघांची नावं घाला. भाड्याने राहणारी बाईही सामानाचा विमा स्वतःच्या नावाने काढू शकते. पॉलिसीची प्रत, सामानाचे फोटो आणि पावत्या घराबाहेर, विश्वासातल्या मैत्रिणीकडेही ठेवा.

नुकसान झालं तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवा आणि पोच घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली पॉलिसी शोधून आणा. सापडली नाही तर का सापडली नाही, त्यावर आपण बोलू.