गाण्यांचे दप्तर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, नोकरी, ग्रंथालय अशा विषयांच्या रांगेत 'डीजे' हा विषय पाहून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यात नवल नाही. आपल्याकडे डीजे म्हटले की ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि कानठळ्या बसवणारा आवाजच आठवतो. परंतु मूळ शब्द 'डिस्क जॉकी' असा आहे. तबकड्या निवडून, एकीला दुसरी जोडून लावणारा माणूस, असा त्याचा अर्थ. म्हणजे या कामात आवाजाआधी निवड येते, आणि निवड करायची तर आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असावे लागते. म्हणून आवाज किती असावा हा वाद आज आम्ही बाजूला ठेवतो. संगणकातील गाण्यांचा संग्रह कसा लावावा, त्याची नोंद कशी ठेवावी आणि तो कसा जपावा, एवढ्यापुरतेच बोलतो.

आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण आज हा व्यवसाय करतात. लग्न, हळद, नामकरण, जयंतीची मिरवणूक यांवर त्यांचे घर चालते. त्यांच्या लॅपटॉपमध्ये पाच-पाच हजार गाणी असतात. पण फाइल उघडून पाहिली तर नाव काय असते? 'ट्रॅक ०७', 'न्यू साँग फायनल', किंवा नुसता आकडा. गायक कोण, लिहिले कोणी, काही पत्ता नाही.

हे असे का झाले, ते समजून घेतले पाहिजे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली. १९८० नंतर ती आपल्याकडे स्वस्त झाली आणि गावोगाव पोहोचली. भीमगीते, कव्वालीचे सामने, जलसे घराघरांत ऐकू येऊ लागले. त्या कॅसेटच्या डबीत एक कागद असे. त्यावर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे बहुतेक वेळा छापलेली असत. पुढे कॅसेटवरून गाणे संगणकात आले, पण तो कागद डबीतच राहिला. गाणे पुढे गेले, नावे मागे राहिली.

मित्रांनो, ही किरकोळ गोष्ट नाही. वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला आणि २००४ साली ते गेले. त्यांची गीते आजही वाजतात, पण वाजवणाऱ्याच्या पडद्यावर त्यांचे नाव सहसा नसते. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाते, हे एक वेळ समजू शकते. पण रिमिक्स झाल्यावर गायकाचेही नाव जाते आणि त्या जागी रिमिक्स करणाऱ्या डीजेचे नाव येते. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज, आणि नाव मात्र 'डीजे अमुक-तमुक'! त्यात कायद्याचीही बाजू आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क अधिक भक्कम झाला. गीताचा हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. पण ज्याचे नावच कुठे नाही, त्याचा हक्क कोण मागणार?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम नोंदीचे. एमपीथ्री फाइलच्या पोटातच माहिती लिहिण्याची सोय असते. तिला टॅग म्हणतात. ही 'आयडी३' नावाची पद्धत १९९६ साली आली. पहिल्या रूपात तिला फाइलच्या शेवटी अवघी १२८ बाइट जागा होती. गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. गीतकारासाठी रकानाच नव्हता! १९९८ साली दुसरे रूप आले. त्यात गीतकार, संगीतकार, लय, मुखपृष्ठाचे चित्र यांना वेगवेगळे रकाने मिळाले. ते रकाने तेव्हापासून आहेत, भरायचे काम आपले आहे. 'एमपीथ्रीटॅग'सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरने एका वेळी शंभर फाइलींचा एखादा रकाना भरता येतो.

नोंद करताना चार पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य : एका माणसाचे नाव एकाच प्रकारे लिहावे. रोमन लिपीत वामनदादांचे नाव कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. विठ्ठल उमप यांच्या नावात कोणी एक 'टी' घालतो, कोणी दोन. संगणकाला ती दोन माणसे वाटतात आणि शोधताना अर्धी गाणी सापडतच नाहीत. तेव्हा एक वही घालावी आणि त्यात ठरलेले स्पेलिंग लिहून ठेवावे.

दुसरे पथ्य : कलाकाराच्या रकान्यात मूळ गायकाचेच नाव ठेवावे. रिमिक्स करणाऱ्याचे नाव गाण्याच्या नावापुढे कंसात द्यावे. त्याच्याही कामाला मान आहे, पण तो मूळ गायकाच्या जागी नव्हे.

तिसरे पथ्य : गीतकाराचे नाव त्याच्या रकान्यात लिहावेच, शिवाय 'कॉमेंट' या रकान्यातही लिहावे. वाजवण्याची काही सॉफ्टवेअर गीतकाराचा रकाना दाखवीत नाहीत, कॉमेंट बहुतेक दाखवतात.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे : गीतकार माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे लिहावे, 'पारंपरिक' असे लिहू नये. 'माहीत नाही' म्हटले की कोणीतरी पुढे शोध घेतो. 'पारंपरिक' म्हटले की शोध तिथेच थांबतो आणि हाडामांसाचा एक कवी कायमचा पुसला जातो.

दुसरे काम मांडणीचे. फोल्डर मोजकेच असावेत. नवीन आलेली गाणी आधी 'तपासायची' या फोल्डरमध्ये टाकावीत. ऐकून, टॅग भरूनच ती मुख्य संग्रहात न्यावीत. एकदा नेली की हलवू नयेत. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, व्हर्च्युअल डीजे ही सॉफ्टवेअर फाइल कोणत्या ठिकाणी आहे हे लक्षात ठेवतात. आपण परस्पर फोल्डर बदलला की ऐन कार्यक्रमात 'फाइल सापडत नाही' असे दिसते. फाइलीची नावे रोमन लिपीत ठेवणे सोयीचे, कारण काही यंत्रांच्या पडद्यावर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसतात. कॉमेंटमध्ये मात्र देवनागरी नाव अवश्य लिहावे.

प्रसंगानुसार वाटणी फोल्डरमध्ये करू नये. ती सॉफ्टवेअरमधील याद्यांत, म्हणजे प्लेलिस्टमध्ये करावी. एकच गाणे बुद्धपौर्णिमेलाही लागते आणि लग्नातही. याद्या दोन असाव्यात, फाइल एकच. आणि एक यादी प्रत्येकाकडे वेगळी असलीच पाहिजे, ती ६ डिसेंबरची. १४ एप्रिलला आनंदाने नाचायचे गाणे महापरिनिर्वाण दिनी वाजले, तर ऐकणाऱ्याच्या मनाला किती लागते, हे इथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको. तो दोष दर वेळी वाजवणाऱ्याच्या मनाचा नसतो, पुष्कळदा त्याच्या यादीचा असतो.

लय आणि पट्टी यांचीही नोंद असावी. लय म्हणजे मिनिटाला किती ठोके. घड्याळ लावून पंधरा सेकंदांचे ठोके मोजावेत आणि चारने गुणावेत. सॉफ्टवेअर हे आपोआप करते, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. ७० ठोक्यांचे गाणे ते पुष्कळदा १४० चे ठरवते. आपल्या ढोलकीच्या सहा मात्रांच्या चालीत तर त्याची फारच फसगत होते, कारण ते चाराच्या हिशेबाने मोजते. शिवाय जुन्या गाण्यांत माणसे प्रत्यक्ष वाजवीत, त्यामुळे लय कडव्यागणिक चढत जाते. अशा गाण्यांच्या खुणा हातानेच बसवाव्यात. पट्टीचेही तसेच. कॅसेट वाजवणारे यंत्र सहा टक्के जलद फिरले तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जाते. काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. कॅसेटवरून गाणे उतरवून घेण्यापूर्वी यंत्राची गती तपासावी ती याचसाठी.

उतरवून घेतानाची प्रत 'फ्लॅक' या प्रकारात ठेवावी. त्यात आवाजाचा कोणताही अंश गळत नाही आणि जागा मूळच्या साधारण निम्मी लागते. त्यावरून वाजवण्यासाठी ३२० किलोबिटची एमपीथ्री करावी. १२८ च्या फाइलीला ३२० करून काही साधत नाही. गेलेला आवाज परत येत नाही, नुसती जागा वाढते.

तिसरे काम जपणुकीचे. ३२० च्या हिशेबाने पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी लागतात. पाच हजार गाण्यांना ६० जीबी. एवढे आज एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर मावते, आणि तेवढ्याच सहजपणे खिशातून पडतेही. ट्रकवरची धूळ, हादरे, जनरेटरचा कमी-जास्त होणारा दाब, यांत हार्ड डिस्क कधी बंद पडेल याचा नेम नाही. म्हणून 'तीन-दोन-एक' हा नियम पाळावा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. लॅपटॉपमध्ये एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी नातेवाइकाच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. मात्र एक ध्यानात असू द्यावे. जी साठवण लॅपटॉपबरोबर आपोआप बदलते, तिच्यात आपण चुकून पुसलेले गाणेही पुसले जाते. तिला जादा प्रत समजू नये.

गाण्यांबरोबर सॉफ्टवेअरमधील याद्या आणि खुणा यांचीही प्रत घ्यावी. गाणे कदाचित पुन्हा मिळेल, पण वर्षभर रात्री जागून बसवलेल्या खुणा मिळणार नाहीत. आणि वर्षातून दोनदा, १४ एप्रिलच्या आधी व १४ ऑक्टोबरच्या आधी, जादा प्रतीवरून पाच-दहा गाणी प्रत्यक्ष वाजवून पाहावीत. वाजवून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखी.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या घरात, शेजारात असे आजी-आजोबा आहेत, ज्यांना दोन ओळी ऐकताच कवीचे नाव आठवते. गायन पार्टीत कोरस देणारे, हार्मोनियम धरणारे, रात्ररात्र सामने ऐकणारे लोक आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसा. गाणे ऐकवा, विचारा, आणि लिहून घ्या. घरातल्या जुन्या डब्यांतले कागद फेकून देऊ नका. त्यांचे फोटो काढून ठेवा. अशा नोंदींची एक वही आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात असावी, अशी आमची सूचना आहे. त्यात गाणी ठेवायची नाहीत, फक्त नावे ठेवायची : गीत, गीतकार, गायक, संगीतकार, आणि माहिती कोणी दिली. पाच हजार गाण्यांची ही नावे संगणकात एका गाण्याएवढीही जागा घेत नाहीत. त्या नावांची नक्कल कोणीही करावी, गावोगाव न्यावी. जितक्या प्रती, तितकी ती सुरक्षित.

ही माहिती देणारी पिढी मात्र कायम आपल्यासोबत राहणार नाही. तिच्या आठवणीची दुसरी प्रत अजून आपण घेतलेली नाही. ती येत्या सुट्टीत घ्यायला लागू या.



जयभीम!