कुरकुर आणि गाऱ्हाणे



पैनगंगेलगतच्या आपल्या या मुलखात तक्रारीला विषयांची वाण कधीच नव्हती. कापूस वेचणीला यावा आणि नेमका पाऊस कोसळावा. बाजारात भाव चढावा तेव्हा घरात कापूस उरलेला नसावा. अशा माणसाला ‘तक्रार करू नकोस’ असे सांगणे सोपे आहे. पण ते न्याय्य आहे काय? ख्रिस्ती धर्म कुरकुर सोडा असे सांगतो, तेव्हा तो दुःखिताचे तोंड बंद करतो काय? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बायबलच्या जुन्या करारातील गणना या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात एक बोधप्रद प्रसंग आहे. मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक रानात मान्ना खाऊन कंटाळले. त्यांना मिसरमधील काकड्या, कांदे, लसूण आठवू लागले. वेठबिगारी मात्र आठवेना. जो तो आपल्या तंबूच्या दाराशी रडत बसला. देवाला ते रुचले नाही. त्याच अध्यायात मोशेही तक्रार करतो. हा भार मला एकट्याला पेलवत नाही, यापेक्षा मरण बरे, इतके कडू तो बोलतो. मात्र तो बोलतो ते थेट देवापाशी. देव त्याच्यावर रागावत नाही. भार वाटून घेण्यासाठी सत्तर वडीलधारे नेमून देतो.

दुःख दोघांचेही खरे होते. फरक दिशेचा होता. आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. ‘कुरकुर’ हा शब्द बैलगाडीच्या कोरड्या चाकालाही लागतो. आवाज होतो, पण वंगण मिळत नाही. ‘गाऱ्हाणे’ मात्र कोणापुढे तरी घातले जाते. कोकणात तर देवापुढील प्रार्थनेलाच गाऱ्हाणे म्हणतात. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशी गाऱ्हाणीच आहेत आणि वधस्तंभावरील प्रभू येशूच्या आक्रोशातही त्यांतील बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द आहेत. कुरकुर करू नका असे फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल स्वतः बंदिवासात होता, हेही विसरू नये.

महाराष्ट्राच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र याची साक्ष देते. दुष्काळाच्या फेऱ्यात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. दैवाला बोल लावीत बसण्यास याहून अधिक कारण कोणते हवे? परंतु त्याच १८८२ साली त्या हंटर शिक्षण आयोगापुढे उभ्या राहिल्या आणि स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी ठामपणे मांडले. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण पुढे श्रद्धेने त्यांचा आवाज बंद केला नाही, त्याला हात दिले. १८८९ मध्ये शारदा सदन निघाले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांना आश्रय दिला आणि केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. जी भूक स्वतः भोगली, तिच्या कहाण्या सांगत न बसता त्यांनी दुसऱ्याच्या पानात भाकरी वाढली.

मग ही सवय सुटावी कशी? ओठांवर तक्रार आली की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे खरे आहे काय? ऐकणारा याबाबत काही करू शकतो काय? आणि यात माझा स्वतःचा वाटा काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गप्प राहावे. दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर दार बदलावे. देवाचे दार तर सदैव उघडेच आहे. तिसऱ्याला उत्तर नसेल, तर तूर्त थांबावे. अन्याय मात्र निर्भयपणे, योग्य ठिकाणी सांगावा; तेथे मौन हा सद्गुण नव्हे.

शिक्षकांनाही एक नम्र विनंती आहे. मुलाची उणीव इतर शिक्षकांजवळ दहादा बोलून दाखवण्यापेक्षा त्या मुलाला जवळ बसवून एकदा सांगावी. ज्या गुरुजनांच्या स्मृतीस आपण आज वंदन करतो, त्यांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.