उदरातील जल आणि पेशींची वाढ



मराठी भाषेत पाण्याला ‘जीवन’ असेही नाव आहे. अंडाशयाच्या कर्करोगात उदरात साठणारे पाणी मात्र रोगपेशींनाच जीवन देते.

निरोगी उदरपोकळीत अवयवांचे परस्पर घर्षण टळावे एवढाच अल्प द्रव असतो. कर्करोग उदरात पसरला की गाठीतून स्रवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. द्रव वाहून नेणाऱ्या लसवाहिन्या रोगपेशींनी अवरुद्ध होतात. परिणामी कधी कधी कित्येक लिटर द्रव साठतो. यालाच जलोदर म्हणतात.

हा द्रव रोगाचा केवळ परिणाम नव्हे, हे प्रयोगांनी दाखवून दिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गॉर्डन मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, अंडाशय-कर्करोगाच्या विशिष्ट मानवी पेशी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांच्या त्वचेखाली वाढतात, परंतु उदरात वाढत नाहीत. रुग्ण स्त्रियांच्या जलोदरातील द्रव सोबत देताच त्या उदरातही वाढू लागल्या. पुढे या द्रवातील एक वाढकारक घटक म्हणून लायसोफॉस्फेटिडिक आम्ल या स्निग्ध रेणूची ओळख पटली. निरोगी शरीरात हाच रेणू जखम भरून येण्यास साहाय्य करतो.

गाठीपासून सुटलेल्या पेशी याच द्रवात पुंजके करून तरंगतात आणि आतड्यांवरील मेदयुक्त पडद्यावर, म्हणजे वपेवर, रुजतात. अशा पुंजक्यांतील पेशी औषधांना सहजी दाद देत नाहीत.

सुईद्वारे द्रव काढल्याने रुग्णेस श्वास घेणे, जेवणे सुसह्य होते; तथापि मूळ रोग राहिल्यास द्रव पुन्हा भरतो. म्हणून शस्त्रक्रिया व केमोथेरपी हेच मुख्य उपचार होत. व्हीईजीएफला रोखणारे बेव्हासिझुमॅब हे औषध निवडक रुग्णांत त्यांच्या जोडीला दिले जाते.

पोटात पाणी होण्यास यकृताचे विकार व क्षयही कारणीभूत असतात. म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही, परंतु उपेक्षाही नको. पोट सतत फुगणे, दोन घासांत तृप्ती होणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे, ही लक्षणे काही आठवडे टिकली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरातील माता-भगिनी ती सोसत राहतात. हा रोग बहुधा उशिरा उघडकीस येतो, त्यास हे सोसणेही हातभार लावते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून वेळीच तपासणी व सोनोग्राफी करून घेणे, हेच अशा वेळी कुटुंबाचे खरे कर्तव्य होय.